चुंबे बेट, झांझिबार: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झांझिबारचा बेत ठरला की चुंबेचं नाव कुठूनतरी कानावर येतं आणि मग प्रश्नांची रांग लागते. एसी नाही म्हणजे झोप कशी लागणार, संडास कोरडा म्हणजे काय, एवढे पैसे कशाचे, पोहता येत नसेल तर काय करायचं. मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. व्हिसा, विमान वगैरे थोडक्यात आटोपलंय. पाणी, प्रवाळ आणि मच्छीमार यांवर जास्त लिहिलंय, कारण हे बेट समजायचं तर ते समजावंच लागतं.

चुंबे नेमकं कुठे आहे?

झांझिबार हा पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियाचा भाग. आपण ज्याला झांझिबार म्हणतो ते मुख्य बेट म्हणजे उंगुजा. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर स्टोन टाउन हे जुनं शहर आहे. तिथून दक्षिणेकडे साधारण बारा-तेरा किलोमीटरवर, मुख्य भूमीवरच्या दार एस सलाम शहराकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेला लागून चुंबे आहे. बेट लहानसं, जेमतेम बावीस हेक्टर. गाव नाही, रस्ता नाही, दुकान नाही, विहीरही नाही. जमीन म्हणजे समुद्र मागे हटल्यावर वर राहिलेला जुना प्रवाळखडक आणि त्याच्या भेगांमध्ये मुळं रोवून उभं असलेलं दाट रान. उत्तर भागात ब्रिटिशांनी १९०४ साली बांधलेला दीपस्तंभ आहे. पश्चिमेच्या अंगाला उथळ पाण्यात जी प्रवाळभित्ती आहे, ती राखण्यासाठी हा सगळा खटाटोप.

तिथे हॉटेल आहे का?

हॉटेल म्हणण्यासारखं काही नाही. सात झोपड्या आहेत, त्यांना तिथे ‘बांडा’ म्हणतात. खांब लाकडाचे आणि वर नारळाच्या झावळ्यांचं प्रचंड उतरतं छप्पर, ज्याला स्वाहिलीत ‘मकुटी’ म्हणतात. खाली बसायची मोकळी जागा, वर माळ्यावर बिछाना. काचेची खिडकी कुठेच नाही. माळ्यावरची समुद्राकडची भिंत दोरीने खाली सोडता येते, मग बिछान्यातूनच समुद्र दिसतो आणि वारा थेट अंगावर येतो. सगळ्या बांडा भरल्या तरी रात्रीला मुक्कामाची माणसं चौदा-सोळाच्या आसपास. जेवणाची, बसण्याची जागा आणि माहिती केंद्र दीपस्तंभाच्या राखणदाराच्या जुन्या, पडलेल्या घराची डागडुजी करून त्यातच केलं आहे.

बेटावर विहीर नाही, मग पाणी कुठून येतं? गरम पाणी मिळतं का?

मिळतं, आणि ते कसं मिळतं हे पाहण्यासारखं आहे. प्रत्येक बांडाचं छप्पर पावसाचं पाणी गोळा करण्यासाठीच तसं मोठं बांधलंय. छपरावरचं पाणी गाळणीतून उतरून थेट बैठकीच्या जमिनीखालच्या टाकीत जातं. पावसाळ्यात भरलेली ही टाकी कोरड्या महिन्यांत पुरवायची असते. टाकीतलं पाणी हातपंपाने वर चढवतात, सूर्याच्या उष्णतेवर तापवतात आणि ते नळाला येतं. आंघोळीचं, हात धुतल्याचं पाणीही समुद्रात सोडत नाहीत. ते वाळू-खडीतून गाळून झाडं लावलेल्या वाफ्यांमध्ये मुरवतात, म्हणजे त्यातला साबण आणि पोषकद्रव्यं झाडंच शोषून घेतात.

एवढी काळजी घ्यायला कारण आहे. प्रवाळ वाढतो तो स्वच्छ, पोषकद्रव्यं अगदी कमी असलेल्या पाण्यात. सांडपाणी समुद्रात गेलं की शेवाळ माजतं आणि ते प्रवाळावर चढून त्याला गुदमरवतं. उष्ण कटिबंधातल्या कितीतरी किनाऱ्यांवर हॉटेलांनी आपल्या समोरचीच प्रवाळभित्ती अशी हळूहळू मारली आहे. कुणी कुदळ लावली नाही, फक्त शोषखड्डे पाझरत राहिले. चुंबेत बेटावरून समुद्रात काहीही जाऊ द्यायचं नाही, हा पहिला नियम धरून मग घरं आखली गेली. बांधकाम वर्षभरात आटपेल असा मूळ अंदाज होता, प्रत्यक्षात चार वर्षं लागली आणि १९९८ मध्ये पहिले पाहुणे आले.

आपल्या बाजूने करायचं एवढंच की नळ चालू ठेवून दात घासू नयेत. कोकणात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

कोरडा संडास म्हणजे काय? वास येतो का?

कमोड नेहमीसारखाच आहे, फक्त फ्लश नाही. शेजारी एका भांड्यात खतमाती आणि सुकलेला पालापाचोळा असतो. काम झालं की त्यातलं वाटीभर आत टाकायचं आणि झाकण बंद करायचं. खालच्या खोलीत हवा खेळती राहते आणि मैल्याचं खत होतं. वाटीभर मिश्रण प्रत्येक वेळी टाकलं तर वास येत नाही. फ्लशच्या संडासाला लागणारं पाणी इथे आणणार कुठून? आणि आणलं तरी त्याचा शेवट प्रवाळातच झाला असता. बायका, मुली, वयस्क माणसं सगळ्यांना पहिल्या दिवशी थोडं अवघड वाटतं, दुसऱ्या दिवशी कुणी बोलतही नाही.

वीज, पंखा, एसी, डास?

वीज छपरावरच्या सौर पट्ट्यांची, दिव्यांपुरती. एसी नाही. माळ्यावर समुद्राचा वारा असतो, मच्छरदाणी असते. रात्री पायवाटांवर दिवे लावत नाहीत, कारण रानातले आणि किनाऱ्यावरचे जीव अंधारात वावरतात. हातात विजेरी घेऊन चालायचं. दमट हवेत एसीशिवाय झोपच येत नाही अशी सवय असेल तर एकच रात्र ठरवा, हे मनापासून सांगतो.

शाकाहारी जेवण मिळतं का? जैन?

शाकाहारी मिळतं, आरक्षण करतानाच सांगून ठेवायचं. झांझिबारचं जेवण आपल्या जिभेला परकं वाटत नाही. नारळाच्या दुधातली राजम्यासारखी बीन्स, पालेभाजी, पिलाव, चपाती, सांबुसा, लोणचं यांत आपल्या ओळखीचं बरंच असतं. वेलची, लवंग, दालचिनी तर तिथलंच पीक. मासे खाणाऱ्यांनी भाजून नारळाच्या रसात घोळवलेला मासा जरूर खावा. कांदा-लसूण नको असेल तर ते स्पष्ट शब्दांत आणि आधी लिहून कळवावं, कारण सगळं सामान होडीने येतं आणि ऐनवेळी बेटावर काही उभं करता येत नाही.

‘इको’ची पाटी सगळेच लावतात. इथे ती खरी कशावरून मानायची?

हा प्रश्न विचारायलाच हवा. माझी कसोटी सोपी आहे. आधी रिसॉर्ट आलं आणि मग त्याला निसर्गाची झालर लावली, की आधी निसर्ग राखायचं ठरलं आणि त्याच्या खर्चासाठी राहायची सोय केली? चुंबेत दुसरं घडलं.

सिबिल रीडमिलर या जर्मन शिक्षिका आणि विकास प्रकल्पांवर काम केलेल्या बाई. विकास मदतीच्या क्षेत्रात बरीच वर्षं काढल्यावर १९९१ च्या सुमारास त्यांनी चुंबेचा प्रवाळ राखायचं मनावर घेतलं. १९९२ मध्ये चुंबे आयलंड कोरल पार्क ही कंपनी उभी राहिली. झांझिबार सरकारने १९९४ मध्ये पश्चिमेची प्रवाळभित्ती संरक्षित सागरी क्षेत्र म्हणून जाहीर केली आणि तिची देखभाल या कंपनीकडे सोपवली. टांझानियातलं प्रत्यक्ष चालू झालेलं ते पहिलं सागरी उद्यान. खासगी व्यवस्थापनाखालचं असं उद्यान तोवर जगात कुठेच नव्हतं, असंही सांगितलं जातं. राहायच्या सोयीतून येणारा पैसा उद्यानाच्या राखणदारांचे पगार, प्रवाळाची पाहणी आणि शाळकरी मुलांच्या सहली यांत जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००० साली ग्लोबल ५०० सन्मान दिला, पण मी पुरस्कारांवर फारसा जोर देत नाही. पुरस्कार पुष्कळांना मिळतात.

मला पटलं ते मुलांच्या सहलींमुळे. चहूबाजूंनी समुद्र असूनही झांझिबारच्या बहुतेक मुलांनी, विशेषतः मुलींनी, पाण्याखाली डोकं घालून प्रवाळ कधी पाहिलेला नसतो. मुलींना पोहायला शिकवण्याची रीत फारशी नाही आणि शाळेच्या पुस्तकातही प्रवाळाचा धडा नव्हता. चुंबेत ही मुलं लाइफ जॅकेट घालून, डोळ्यांना मास्क लावून, राखणदाराचा हात धरून तरंगतात. डोक्याला रुमाल बांधलेली एखादी सातवीतली मुलगी पहिल्यांदा पाण्यात चेहरा घालते, झटकन वर येते, आणि लगेच पुन्हा खाली घालते. तिच्या घरात कुणीतरी मासेमारी करत असतं. तिने काय पाहिलं हे ती त्या घरी जाऊन सांगते. त्यामुळे जे होतं ते कुठल्याही पाटीने होणार नाही.

एक परदेशी बाई येते, बेट कंपनीच्या हाती जातं. मग तिथल्या मच्छीमारांचं काय?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि कोकणातल्या वाचकांनी तो सगळ्यात जास्त वेळा विचारला आहे. साहजिकच. समुद्रावर पोट असलेल्या गावाला ‘इथून पुढे इथे जाळं टाकायचं नाही’ असं बाहेरून येऊन सांगणं ही गंभीर गोष्ट आहे.

चुंबेच्या बाबतीत एक जमेची बाजू होती. पश्चिमेच्या बाजूला मासेमारी आधीपासूनच तुरळक होती. जहाजांचा मार्ग अगदी लागून असल्याने लहान होड्यांना तिथे थांबायला मज्जाव होता. शिवाय शिडाच्या किंवा वल्ह्याच्या होडीला बेट लांब पडायचं आणि इंजिन परवडणारे थोडे. म्हणून तर तिथला प्रवाळ शाबूत राहिला होता, जेव्हा टांझानियाच्या मुख्य किनाऱ्यावर डायनामाइट फोडून मासे मारले जात होते. थोडक्यात, कुणाची रोजची चूल बंद करून हे उद्यान उभं राहिलेलं नाही. बंदीही बेटाच्या एका बाजूच्या छोट्या पट्ट्यापुरती आहे, अवतीभवतीचा समुद्र मच्छीमारांचाच आहे.

दुसरी गोष्ट राखणदारांची. पहिले राखणदार समोरच्या किनाऱ्यावरच्या गावांतले मच्छीमारच होते. त्यांच्या हातात बंदूक नाही. दीपस्तंभावरून किंवा किनाऱ्यावरून एखादी होडी क्षेत्रात शिरलेली दिसली की ते आपली होडी घेऊन जवळ जातात आणि बोलतात. इथे मासे मोठे होतात, अंडी घालतात, आणि वाढलेला मासा हद्द ओळखत नाही, तो बाहेर येतो आणि तुमच्याच जाळ्यात सापडतो, असं समजावतात. हे सांगणारा माणूस ओळखीचा, आपल्यातला असला की ऐकणाऱ्याचा कान वेगळा असतो. पाहुण्यांना प्रवाळ दाखवायलाही हेच राखणदार पाण्यात उतरतात. त्यांना माशांची स्वाहिली, इंग्रजी आणि शास्त्रीय अशी तिन्ही नावं तोंडपाठ असतात.

तरीही सगळं गुळगुळीत आहे असं मी म्हणणार नाही. सगळा डोलारा पर्यटकांच्या पैशावर उभा आहे, आणि २०२० मध्ये करोनाने विमानं थांबली तेव्हा जगभरच्या अशा प्रकल्पांची मिळकत एका फटक्यात आटली. मासे आणि प्रवाळ राखायचे तर राखण वर्षभर लागते, पाहुणे असोत वा नसोत. खासगी हातात दिलेल्या जागेवर सरकारची आणि गावाची नजर कायम असावी लागते. चुंबेत करार ठरावीक मुदतीचे आहेत आणि जागेची मालकी कंपनीची नाही, हे मला योग्य वाटतं. सगळीकडे हाच नमुना जसाच्या तसा चालेल असं मात्र नाही. मासेमारीची दाटी असलेल्या किनाऱ्यावर तो लावायला गेलं तर अन्यायच होईल.

पाण्यात काय दिसतं?

इतकं दिसतं की यादी करणं व्यर्थ. सुमारे दोनशे प्रकारचे कठीण प्रवाळ इथे नोंदले गेले आहेत. पूर्व आफ्रिकेत सापडणाऱ्या प्रवाळजातींपैकी बहुसंख्य या एका छोट्या पट्ट्यात आहेत. माशांच्या चारशेहून अधिक जाती आहेत. भित्ती उथळ आहे, त्यामुळे पाण्यावर नुसतं तरंगत राहिलं तरी खालचं सगळं हाताच्या अंतरावर असल्यासारखं वाटतं.

कान उघडे ठेवा. पाण्याखाली मधूनमधून कुरकुर-कुरकुर असा आवाज येतो. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडून त्यावरचं शेवाळ खातात, त्याचा तो आवाज. खाल्लेला दगड पोटात दळला जाऊन मागून पांढऱ्या भुकटीच्या रूपात बाहेर पडतो, आणि चुंबेचा पांढरा किनारा बऱ्याच अंशी त्याच भुकटीचा बनला आहे. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वाळूवर पाय ठेवताना वेगळं वाटतं.

मासळी ओळखणाऱ्यांना आणखी मजा येईल. कपारीतून तोंड काढून बसलेलं हेकरू, निळ्या ठिपक्यांचं पाकट, मिशा हलवणारी शेवंड, सगळे ओळखीचे चेहरे, फक्त इथे ते जिवंत आणि निवांत असतात. कधी कासव दिसतं, कधी काळ्या टोकाच्या परांचा लहान शार्क. तो माणसापासून लांबच राहतो.

पोहता येत नाही. जाण्यात अर्थ आहे का?

आहे. लाइफ जॅकेट देतात आणि राखणदार बरोबर असतो. तरीही पाण्यात उतरायचं नसेल तर ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरची फेरी घ्या. झांझिबारला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत जवळपास चार मीटरचा फरक पडतो, त्यामुळे बराच मोठा भाग कोरडा होतो आणि डबक्यांत तारामासे, समुद्रकाकड्या, कवड्या, लहान खेकडे पाहायला मिळतात. बेटावरचं वेळापत्रक घड्याळावर ठरत नाही, भरती-ओहोटीवर ठरतं. प्रवाळ पाहायची वेळ रोज बदलते. उधाणाचे दिवस हवेत की भांगाचे, हे पंचांगातली तिथी पाहून तुम्हीच ठरवू शकता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप हलतं, अष्टमीच्या आसपास कमी.

स्कूबा डायव्हिंग का करू देत नाहीत?

संशोधनासाठी सोडून इथे ते चालत नाही. भित्ती उथळ आणि अरुंद आहे. टाक्या पाठीवर बांधलेला नवखा माणूस तोल सावरताना पायाने प्रवाळ मोडतो, आणि मोडलेल्या फांदीला पुन्हा तेवढं व्हायला कित्येक वर्षं लागतात. डायव्हिंगच हवं असेल तर ते झांझिबारमध्ये इतरत्र भरपूर आहे.

रात्री बेटावर काय करायचं?

जेवण झाल्यावर राखणदाराबरोबर नारळखेकडा पाहायला जा. जमिनीवरचा हा जगातला सगळ्यात मोठा खेकडा. वजन चार किलोपर्यंत जातं आणि पाय ताणले तर जवळजवळ मीटरभर पसारा होतो. दिवसा कपारीत दडून बसतो, रात्री बाहेर येतो. विजेरीच्या उजेडात निळसर-जांभळी पाठ चमकते आणि तो पुढच्या आकड्याने सोडण पकडून धागा धागा सोलत बसलेला असतो, कसलीही घाई न करता. कोयत्याशिवाय नारळ सोलणारा प्राणी पाहून कोकणी माणूस हरखून जातो. लहानपणीचे काही आठवडे समुद्रात काढून तो जमिनीवर येतो आणि मग पाण्यात बुडून मरू शकतो, इतका तो जमिनीचा होतो. चाळीस-पन्नास वर्षं जगतो. चवीला चांगला म्हणून अनेक बेटांवरून माणसाने तो संपवला. चुंबेत अजून बऱ्यापैकी आहे, याला एक कारण असं की इथले उंदीर १९९७ मध्ये मोहीम काढून नाहीसे केले गेले.

त्याच रानात एडरचं डायकर नावाचं अतिशय दुर्मीळ, लाजाळू, बकरीच्या करडाएवढं हरीण आणून सोडलं आहे. ते दिसेलच याची खात्री कुणी देत नाही.

केव्हा जावं?

जून ते ऑक्टोबरमध्ये दक्षिणेचा वारा, ‘कुसी’, वाहतो. हवा कोरडी आणि त्यातल्या त्यात थंड. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येचा ‘कास्काझी’ असतो, उकाडा जास्त पण समुद्र बहुधा शांत. मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत मोठा पाऊस, ‘मासिका’, आणि नोव्हेंबरच्या आसपास छोटा, ‘वुली’. एप्रिल-मेच्या मोठ्या पावसात बेट साधारणपणे पाहुण्यांसाठी बंद असतं, त्यामुळे आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुटीत हा बेत बसत नाही. दिवाळीच्या सुटीत बसतो.

महाराष्ट्रातून कसं जायचं? व्हिसा, लस?

मुंबईहून दार एस सलाम, नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे झांझिबार. दारहून विमान किंवा सुमारे दोन तासांची फेरीबोट. चुंबेची होडी स्टोन टाउनच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरून सकाळी सुटते, पाऊण तास लागतो. म्हणजे त्याआधीची रात्र शहरातच काढावी. उतरताना धक्का नाही, गुडघाभर पाण्यातून चालत जायचं.

टांझानियाचा ई-व्हिसा ऑनलाइन काढता येतो, एका प्रवेशाचे ५० डॉलर. ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारला येणाऱ्या परदेशी पाहुण्याला तिथल्या सरकारी विमा कंपनीचा ४४ डॉलरचा प्रवास विमा सक्तीचा आहे. तुमचा भारतातला विमा असला तरी तो वेगळा घ्यावा लागतो. पीतज्वराचं (यलो फीवर) म्हणाल, तर केनिया आणि इथिओपिया पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. त्या मार्गाने जात-येत असाल, विशेषतः मध्ये मुक्काम असेल, तर लस घेतलेली बरी. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच. लसीची पिवळी पुस्तिका पासपोर्टबरोबर ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला. हे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी एकदा खात्री करून घ्या.

एवढं महाग का?

स्टोन टाउनमधल्या मध्यम हॉटेलच्या कितीतरी पट दर आहे, हे खरं. त्यात होडी, तिन्ही वेळचं जेवण, मार्गदर्शकासह प्रवाळ आणि रान पाहणं हे धरलेलं असतं. सात बांडांच्या भाड्यावर बेटाची राखण, शिक्षण आणि देखभाल चालवायची म्हटल्यावर दर कमी ठेवता येत नाही. बांडा वाढवल्या असत्या तर दर उतरला असता, पण मग पाणी पुरलं नसतं. परवडत नसेल तर मुक्काम न करता दिवसाच्या सहलीची चौकशी करा. बेटावर गर्दी नसेल त्या दिवशी घेतात.

बरोबर काय न्यावं?

अंगभर बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट न्या. उन्हापासून तोच उत्तम बचाव, कारण बहुतेक सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला घातक आहेत. पाण्यात चालतील असे जाड तळाचे बूट, टोपी, स्वतःची पाण्याची बाटली. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग बॅगेतून काढून घरीच ठेवा. झांझिबारने त्यांवर २००६ मध्ये आणि टांझानियाने २०१९ मध्ये बंदी घातली, विमानतळावर काढून घेतात. स्टोन टाउनमध्ये फिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, शहर मुस्लिमबहुल आहे आणि लोकांना ते आवडतं.

शिंपले, कवड्या, मेलेला प्रवाळ, काहीही उचलून आणू नका. रिकाम्या शंखात उद्या साधूखेकडा राहायला येणार असतो.

आई-वडिलांना घेऊन जाता येईल का?

गुडघे ठीक असतील तर हो. होडीतून पाण्यात उतरणं, खडबडीत प्रवाळखडकावरून चालणं आणि माळ्यावर चढणं एवढं जमायला हवं. दीपस्तंभाच्या सव्वाशेहून अधिक पायऱ्या आहेत, त्या चढल्याच पाहिजेत असं नाही. बेटावर डॉक्टर नाही. रोजची औषधं दोन दिवसांची जास्त बरोबर ठेवा.

भारतीयांचा या बेटाशी काही संबंध आहे का?

दीपस्तंभाच्या राखणदारांसाठी बांधलेली एक छोटी मशीद बेटावर आहे आणि तिची धाटणी भारतीय आहे. झांझिबारवर भारताची छाप सगळीकडे आहेच. ईशान्येच्या वाऱ्यावर कच्छ, काठेवाड आणि कोकणच्या बाजूची गलबतं शतकानुशतकं इथवर येत आणि वारा फिरला की परतत. एकोणिसाव्या शतकात सुलतानाच्या जकातीचा मक्ता कच्छी भाटिया व्यापाऱ्यांकडे होता. गोव्याची मंडळी कारकुनीत, शिवणकामात, छायाचित्रणात आणि संगीतात नाव काढून होती. स्टोन टाउनमधल्या कोरीव दारांवर कमळ दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

प्रवाळ तिकडे वाचला, पण तापणाऱ्या समुद्राचं काय?

त्यापुढे राखणदारही हतबल आहेत. १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये पश्चिम हिंदी महासागराचं पाणी तापलं आणि प्रवाळ पांढरे पडले. चुंबेही सुटलं नाही. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या पेशीतलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतो, रंग आणि अन्न दोन्ही गमावतो. काही आठवड्यांत पाणी निवलं तर सावरतो, नाहीतर मरतो. मात्र जिथे मासे भरपूर आहेत, सांडपाणी नाही आणि नांगर पडत नाही, तिथे प्रवाळाला पुन्हा उभं राहायची संधी जास्त असते. शेवाळ खाणारे मासेच नसतील तर मेलेल्या सांगाड्यावर शेवाळ बसतं आणि नव्या प्रवाळाला जागाच उरत नाही. स्थानिक राखणीचा उपयोग इथे आहे. प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा वाढला की राखणदार तो हाताने वेचून काढतात, तेही त्यातलंच.

आपल्या मालवणला असं का होत नाही?

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, म्हणजे चुंबेच्या सात वर्षं आधी. पण मालवणच्या पाण्यावर शेकडो कुटुंबांची मासेमारी पूर्वापार चालत आली आहे आणि अभयारण्य म्हणजे आपली हद्दपारी, ही भीती मच्छीमारांच्या मनातून गेलेली नाही. ती भीती रास्त आहे. त्यामुळे चुंबेची नक्कल करून चालणार नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच वाटते. राखणदार गावातलाच असावा, त्याला नियमित पगार असावा, आणि पर्यटकाकडून आलेला पैसा कुठे गेला हे गावाला दिसावं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रवाळ दाखवायला नेणाऱ्या तरुणांना पाणी, वारा, मासे यांचं ज्ञान पुरेपूर आहे. पर्यटकाला प्रवाळावर उभं राहू न देण्याचा अधिकार आणि पाठबळ त्यांना हवं. तोवर आपण जाल तेव्हा आपणहून उभे राहू नका.

चुंबेचं आरक्षण मिळालं नाही तर?

उंगुजावरच जोझानीचं जंगल आहे, २००४ पासून राष्ट्रीय उद्यान. झांझिबारशिवाय जगात कुठेही न आढळणारं लाल कोलोबस माकड तिथे अगदी जवळून दिसतं, आणि तिवरांच्या रानातून लाकडी वाट काढली आहे. जास्त दिवस असतील तर झांझिबारच्याच पेम्बा बेटाजवळच्या मिसाली बेटाचा विचार करा. तिथल्या संरक्षित क्षेत्रात मच्छीमारांचा सहभाग सुरुवातीपासून आहे. चुंबेसाठी मात्र जुलै-ऑगस्ट आणि नाताळचे आठवडे सोडून तारखा शोधा आणि चार-पाच महिने आधी लिहा, एखादी बांडा मिळून जाते.